साहेबाला दाखवलेलं गाव

परदेशी दुधाच्या भुकटीचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. भुकटीचा त्यात काही दोष नाही. ती बिचारी गोणीत गप्प पडून असायची. डोकं तापतं ते तिच्याभोवती जमलेल्या शहाण्या माणसांमुळे, आणि त्यांत मी कुणालाच सोडत नाही. मुंबईचे, बुलढाण्याचे, मेहकरचे, सगळे त्यात आले, आणि ज्या गावावर माझा जीव होता त्या गावचे तर सगळ्यांत आधी.

मी तेव्हा डोणगावजवळच्या एका लहान गावात प्राथमिक शाळेची शिक्षिका होते. माहेर बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जिल्हा परिषदा तर त्याहूनही नव्या होत्या. आमची शाळा आधी तालुक्याच्या जनपद सभेची होती, ती एका सकाळी जिल्हा परिषदेची झाली. म्हणजे दारावरची पाटी बदलली. छत पूर्वी जिथे गळायचं तिथेच गळत राहिलं. पण जो तो म्हणत होता, आता कारभार लोकांच्या हाती आला, आता बघा. मीही बघत होते.

त्या नव्या कारभारातून गावाला मिळालेली पहिली वस्तू म्हणजे दूध केंद्र. शाळेत न जाणारी लहान मुलं आणि पोटुश्या बाया यांना रोज सकाळी पेलाभर दूध द्यायचं. भुकटी जहाजातून मुंबईला यायची, तिथून रेल्वेने, मग ट्रकने मेहकरला, आणि मेहकरहून आमच्याकडे बैलगाडीतून. केंद्र चालवायचं शाळेच्या बाईने. शाळेतल्या गुरुजींनी का नाही, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, दूध तापवणं हे बायकांचं काम. मुलांना पाढे शिकवणं हेही माझंच काम होतं, ते कुणाला आठवलं नाही.

ती भुकटी कालवणं हाही एक उपद्व्यापच होता. आधी थंड पाण्यात हाताने कालवायची, गुठळ्या बोटांनी फोडायच्या, मग पाणी वाढवत रवीने घुसळायची आणि चुलीवर चढवायची. घाईने गरम पाण्यात टाकली की गोळेच गोळे. सुरुवातीला पोरांची पोटं बिघडली आणि गावभर बोंब झाली. कुणी म्हणे हे डुकरिणीचं दूध आहे, कुणी म्हणे हे प्यायलं की पोरं बाटतात. एक म्हातारी रोज शाळेच्या ओट्यावर येऊन मला ऐकवायची, "गोऱ्याईले हाकलून दिलं, तं आता दुधात बसून वापस येऊन राह्यले." मी म्हणायची, आजी, चाखून तर बघा. चाखलं, आणि नंतर रोज चाखायलाच येऊ लागली. हळूहळू पोटं सवयीला आली. पोरांना खरं तर कोरडी भुकटीच जास्त आवडायची. टाळूला चिकटायची आणि बराच वेळ जीभ फिरवत बसता यायचं.

वरच्या लोकांचं मात्र पोट कधी सवयीला आलं नाही. गोणीवर देणाऱ्या देशाचा झेंडा छापलेला असायचा. देणाऱ्यांचं म्हणणं असं की गोणी दर्शनी भागात ठेवा, मदत कुठून आली ते लोकांना कळलं पाहिजे. इकडे विरोधी पक्षाचे लोक सभांतून ओरडत होते की स्वतंत्र झालेला देश परक्यांपुढे कटोरा घेऊन उभा आहे. त्यामुळे पंचायत समितीतून आम्हाला तोंडी सांगणं आलं की झेंडा दिसू देऊ नका. मग कोण पाहुणा येतोय ते बघून मी गोणी फिरवायची. एकदा दोन्ही प्रकारचे पाहुणे एकाच दिवशी आले, तेव्हा मी गोणीवर चक्क सतरंजी टाकली आणि वर बसले. मदत घ्यायची तर सरळ घ्या, नको असेल तर सरळ नाही म्हणा. घ्यायचीही आणि लपवायचीही, हा कसला कारभार?

पण हा सगळा त्रास मी एका मुलीसाठी आनंदाने सोसत होते. सरपंचाकडे वर्षाच्या कराराने राबणारा एक सालदार होता, त्याची ती मुलगी. वय चारेक वर्षांचं. लांबलेल्या तापातून उठली तेव्हा तिच्या अंगात जीव म्हणून उरला नव्हता. हात-पाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे. मेहकरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, हिला औषध नको, हिला दूध पाज. आई माझ्याच वयाची, मजुरीला जाणारी. ती मला म्हणाली होती, "डाक्टरनं तं सांगलं बाई, पन म्हैस तेवढी त्यानं लिहून देल्ली नाई." आणि स्वतःच खळखळून हसली होती. केंद्र सुरू झालं तशी ती पोरीला कडेवर आणू लागली. काही महिन्यांनी पोर तिचं बोट धरून चालत यायला लागली. अजून वाळलेलीच होती, पण उभी राहायची, आणि पेला रिकामा झाला की माझ्याकडे बघून पुन्हा पुढे करायची. नियम पेलाभराचा होता. मी तिला दोन द्यायची.

मग मेहकरला समितीत बैठक झाली आणि आम्हा केंद्रवाल्यांना सांगण्यात आलं की यापुढे भुकटी कमी येणार. देणाऱ्यांचा एक साहेब काही गावं स्वतः फिरून बघणार. जिथे मुलांची हालत वाईट तिथलं केंद्र राहील, जिथे बरी असेल तिथलं उचलून दुसरीकडे नेतील. आमचं गाव साहेबाच्या वाटेवर होतं. मी निश्चिंत झाले. म्हटलं, आमच्या मुलांकडे एकदा बघितलं की आंधळ्यालाही कळेल.

मी हिशोब केला तो साहेबाचा. गावाचा करायला हवा होता.

आपल्याकडे तपासणी हा शब्द कानावर पडला की माणसं काय करतात हे मला चांगलं ठाऊक होतं. डेप्युटी साहेब शाळा तपासायला यायचे तेव्हा हुशार पोरं पुढे बसायची आणि ढ पोरांना त्या दिवशी ताप यायचा. दवाखान्यात मोठे डॉक्टर येणार असले की खाटांवर नव्या चादरी यायच्या. गोऱ्यांच्या राज्यात हेच, आपल्या राज्यात हेच. तपासणी म्हणजे सगळं छान आहे असं दाखवायचं. यावेळी मात्र सगळं छान दिसलं तर आपलं नुकसान होतं, आणि ही एवढी साधी गोष्ट मी एकाही माणसाच्या गळी उतरवू शकले नाही.

पहिल्यांदा गटविकास अधिकाऱ्यांना गाठलं. ते पुण्याकडचे, आमची बोली ऐकली की किंचित हसायचे. मी म्हटलं, साहेब, गाव आहे तसं दाखवू या. ते म्हणाले, "अहो बाई, दिलेल्या मदतीचं चीज झालं की नाही, हे बघायला येताहेत ते. त्यांना काय उघडीनागडी मुलं दाखवायची? आणि उद्या पेपरात छापून आलं की जिल्हा परिषदेच्या राज्यात मुलं उपाशी, तर सभापती माझी पाठ थोपटणार आहेत का?" मी म्हटलं, पण बैठकीत तर उलट सांगितलं होतं. "ते तसं सांगतात. चांगलं काम दिसलं की मदत वाढते, हा माझा अनुभव आहे. तुम्ही शाळा बघा." मी शाळा बघावी म्हणजे काय, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मग सरपंचाकडे गेले. गावातली सगळ्यांत मोठी शेती त्यांची. माणूस वाईट नव्हता, अडल्यानडल्याला धान्य देणारा. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. पाहुना घरी आला तं आपन त्याले फाटकी गोधडी दाखवतो का? नवी असली तं नवी, नसली तं शेजाऱ्याची आनून हातरतो. अन् हा तं सातासमुद्रापारचा पाहुना. त्याच्या देशात जाऊन त्यानं काय सांगावं? का भिकाऱ्याच्या गावात गेल्तो?"

मी म्हटलं, "काका, तो पाहुणा नाही. तो आपली गरज मोजायला येतोय."

"गावात पाय ठेवला का तो पाहुना," ते म्हणाले. डोकं आपटायला भिंत तेवढी हवी होती, आणि भिंतींना तर चुना लावणं सुरू झालं होतं.

साहेब नेमका कशाला येतोय याबद्दल गावात ज्याची त्याची वेगळी बातमी. कुणी म्हणे बक्षीस द्यायला, कुणी म्हणे जमीन बघायला, कुणी म्हणे दूधचोर पकडायला. कामं मात्र सगळे एकदिलाने करत होते. इतर वेळी शाळेचं छत शाकारायला हाका मारून माणूस मिळायचा नाही. आता शाळेसमोरची जमीन सारवून झाली, रांगोळ्या पडल्या, आंब्याच्या पानांची तोरणं लागली. घरोघरून तूप गोळा झालं. दुधाच्या रांगेत पुढे कोणती मुलं बसवायची ते सरपंचाच्या ओट्यावर ठरलं. त्यांच्या भाऊबंदांची, दारात म्हैस असलेल्या घरांतली गुबगुबीत पोरं, ज्यांनी माझ्या केंद्राचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. माझी रोजची मुलं, ती शेतात पाठवायची. सगळ्यांत चीड मला याची आली की त्या मुलांच्या आयांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. "बरोबर हाये बाई," एक जण म्हणाली, "परक्या मान्सासमोर लेकरू असं कसं आनावं?"

मी घरी आले आणि माझं मोडकंतोडकं मॅट्रिकचं इंग्रजी जुळवायला बसले. ही मुलं खरी नाहीत, खरी मुलं दुसरीकडे आहेत, माझ्याबरोबर चला. एवढंच बोलायचं होतं. भाकरी थापताना, केर काढताना मी ते घोकत होते. साहेबाला त्या सालदाराच्या झोपडीत न्यायचं आणि ती पोर दाखवायची, बाकी काही सांगायची गरजच पडणार नाही, असं मी ठरवलं, आणि त्या दिवशी पोरीला घेऊन घरीच थांब, मी साहेबाला घेऊन येते, एवढं तिच्या आईला सांगून ठेवलं.

साहेब आला तो जीपमधून, मुंबईच्या एका मराठी अधिकाऱ्यासोबत. उंच, उन्हाने लालबुंद झालेला आणि स्वभावाने खरंच साधा माणूस. लेझीम झाली, हार झाले. रांगेतली पोरं बघून तो खूश झाला. एकाने तर त्याच्यासमोर अर्धा पेला टाकून दिला, कारण त्याला घरच्या दुधाची सवय होती, भुकटीचा वास त्याला सोसला नाही. मग पंगत बसली. साहेब पाटावर गुडघे कुठे ठेवावेत या विवंचनेत, आणि समोर पुरणपोळी, भजी, कुरडया, वाटीभर तूप. त्याने हात आडवा केला की सरपंच स्वतः हात बाजूला करून तूप वाढत. शेवटी म्हशीचं धारोष्ण दूध, गडव्याने. दूध कमी आहे का हे बघायला आलेल्या माणसाला दूध नको म्हणायची पाळी आणली आमच्या गावाने. मी वाढत होते आणि आतून नुसती जळत होते.

हात धुवायला तो उठला तेव्हा मी त्याला गाठलं आणि माझं घोकलेलं बोलून टाकलं. काय कसं बोलले देव जाणे, पण त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचं पाहुणेपण गेलं, तो मुंबईच्या अधिकाऱ्याशी काही बोलला आणि माझ्याबरोबर चालू लागला. मागून गटविकास अधिकारी, सरपंच, सगळी वरात. मनात म्हटलं, जिंकलं.

झोपडीपाशी आले आणि बघितलं, तर अंगण सारवलेलं. उंबऱ्याजवळ पोरीला बसवलेलं, डोक्याला तेल, कपाळाला टिकली आणि अंगात सरपंचाच्या नातीचा झगा. तो इतका मोठा की हात बाह्यांत गडप आणि पाय झालरीखाली. दिसत होता तो फक्त चेहरा आणि मोठे मोठे डोळे. आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. तिने घोंगडी अंथरली आणि आधी चहा ठेवला. कुणाच्या तरी बकरीचं दूध आणून ठेवलेलं होतं. साहेब पोटभर जेवलेला, तरी त्याने तो गुळाचा चहा प्यायला. मग उकिडवा बसून त्याने पोरीकडे बघितलं आणि मुंबईच्या अधिकाऱ्यामार्फत आईला विचारलं, ही रोज काय खाते? आजारी असते का? केंद्राशिवाय हिला दूध मिळतं का?

इतके नेमके प्रश्न त्या संबंध दिवसात कुणी विचारले नव्हते. मी आईकडे बघितलं. डोळ्यांनी अक्षरशः विनवलं.

ती म्हणाली, "भाकर खाते, वरन खाते, दूध बी पेते. चांगली ठनठनीत हाये. कमी काय हाये सायेब आमाले?"

मी म्हटलं, "अगं, खरं सांग ना!" ती माझ्याकडे बघून हसली, मला धीर देत असल्यासारखी, आणि तेच पुन्हा म्हणाली, या खेपेला जरा मोठ्याने. साहेबाने मान हलवली. निघताना मुंबईचा अधिकारी मला म्हणाला, "बाई, आपण मुलांची फार काळजी करता. चांगलं आहे." सरपंचांनी मला काही बोल लावला नाही. उलट जीप गेल्यावर म्हणाले, आपल्या गावच्या बाईले इंग्रजी येते, हे साहेबाले दिसलं हे लई बेस झालं.

पुढचं सांगायला फार काही नाही. गावाची वाखाणणी करणारं पत्र आलं. मुलांची प्रकृती उत्तम, केंद्राचा उद्देश सफल झाला, सबब केंद्र अधिक गरज असलेल्या दुसऱ्या गावी हलवण्यात येत आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी ते समितीच्या सभेत वाचून दाखवलं आणि टाळ्या झाल्या. आदर्श गाव म्हणून आमच्या सरपंचांना शाल-नारळ मिळालं. केंद्र उत्तम चालवलं म्हणून मलाही नारळ दिला. मी तो घेतला आणि घरी येऊन इतक्या जोराने दगडावर हाणला की पाणी सगळं चुलीत गेलं.

उरलेल्या गोण्या गाडीत घालून नेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला सालदाराची बायको पोरीला घेऊन शाळेत आली. पोरीच्या अंगात तिचं स्वतःचं, आखूड झालेलं परकर-पोलकं होतं, आणि पुन्हा सगळं दिसत होतं, मनगटं, गुडघे, सगळं. चूल थंड बघून आई दारातच थांबली.

माझा इतक्या दिवसांचा राग तिथे फुटला. मी तिला म्हटलं, "आता का आलीस? त्या दिवशी तोंड उघडून खरं बोलायला काय झालं होतं तुला? ठणठणीत आहे म्हणे! पाहुण्यापुढे अब्रू राखायची तुला पडली होती, आणि पोरीच्या पोटाचं काय?"

ती गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की मी खरोखरच चिडले आहे. जवळ येऊन, कुणी ऐकत नाही ना हे बघून ती हळूच म्हणाली, "बाई, अब्रूचं काय घेऊन बसल्या. सायेब चोर पकडाले आला व्हता न? गावात तं तसंच सांगत व्हते. इतके दिवस दूध पेऊन पोरगी अशी वाळकी दिसली असती, तं तो म्हनला असता, बाईनं दूध इकून खाल्लं. तुमाले घिऊन गेले असते. मनून सरपंचाच्या घरून झगा मांगून आनला. तुमी मले डोळ्यानं खुनावलं, मी समजली का तुमी बी भेल्या. मनून दुसऱ्यांदा जोरानं बोलली."

ज्या रागावर मी इतके दिवस जगले होते, तो तिने दोन वाक्यांत माझ्या हातून काढून घेतला आणि त्या जागी जे ठेवलं ते रागाहून जड होतं.

"तो तं खुश होऊन गेला," ती म्हणाली. "तुमाले नारळ बी भेटला. मंग बाई, दूध काऊन बंद केलं?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या आईने माझ्यासाठी काय केलं आणि त्याचं काय झालं, हे मला एकटीला माहीत होतं, आणि ते मी तिला सांगणं शक्य नव्हतं.

"वरून हुकूम आला," मी म्हटलं.

"हाव का," ती म्हणाली, आणि पोरीचं बोट धरून कामाला निघाली.